उतरतं टेबल

मला टेबल हवं होतं. लिहायला. यात कुणाच्या बापाचं काय जात होतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

शेलूबाजारात टेबलं नव्हती असं नाही. शाळेत एक होतं, त्याच्या एका पायाच्या जागी दगड होता. पोलीस पाटील उकंडराव यांच्याकडे एक होतं, त्यावर ते दुपारचे झोपत. पण अकोल्याच्या साप्ताहिकाचा या भागातला वार्ताहर मी होतो, आणि मी मांडीवर पोळपाट घेऊन बातम्या लिहीत होतो. पोळपाट बायकोचा. पोळ्यांची वेळ झाली की आवडाबाई माझी बातमी उचलून कोनाड्यात ठेवी आणि पोळपाट घेऊन जाई. इंझोरीच्या गंजीला आग लागली, त्याची बातमी अशीच अर्धी राहिली आणि टपाल निघायला आलं म्हणून तशीच गेली. पेपरात आग लागली, पण विझली नाही. इंझोरीहून माणसं मला जाब विचारायला आली. त्यांना वर चहा पाजावा लागला.

त्या दिवशी मी ठरवलं, टेबल घ्यायचं. आणि मनात ठरवून गप्प बसायचं सोडून मी ते दौलतरावापुढे बोललो.

दौलतराव म्हणजे माझा शेजारी. आमची मधली भिंत एकच आहे, आणि ती पातळ आहे. या माणसाला सल्ला देण्याचं व्यसन आहे. विहिरीत पडलेल्या माणसालाही तो आधी पोहण्याबद्दल चार गोष्टी सांगेल आणि मग दोर शोधायला जाईल. तो म्हणाला, "सुताराकडून कायले करतं? अकोल्याले एका गोऱ्या मॅनेजरच्या बंगल्याचा लिलाव होऊन राह्यला. साहेबाचं टेबल घे. साहेबाच्या टेबलावर लिहिलेली बातमी येगळीच दिसते."

मी मूर्ख, मला ते पटलं.

लिलावाच्या मांडवात कपाटं होती, पलंग होते, हरणाची शिंगं होती. कोपऱ्यात चादर पांघरलेलं एक लांबट चार पायांचं काहीतरी उभं होतं. लिलाव पुकारणारा म्हणाला, "टेबल, बंगल्यातलं, वर काच!" चादर काढून दाखव असं मी म्हणणार, तेवढ्यात दौलतरावाने माझ्या बरगडीत कोपर मारलं. माझा हात वर गेला. बोली लागली. त्याने पुन्हा कोपर मारलं, पुन्हा हात वर गेला. माझ्याविरुद्ध दुसरा कुणी बोली लावतच नव्हता. मी माझीच बोली वाढवत होतो. शेवटी पुकारणाऱ्यालाच माझी दया आली आणि त्याने हातोडा आपटला.

चादर काढली तेव्हा मला दिसलं ते असं. टेबलाएवढी लाकडी पेटी, तिला चार पाय, वर काच, आणि काचेखाली हिरवं रंगवलेलं मैदान. मैदानभर पितळी खिळे रोवलेले, मधे भोकं, भोकांशेजारी इंग्रजी अक्षरं. चौकोनी रिंगणाच्या चार कोपऱ्यांत हातात सोटे घेतलेली, टोप्या घातलेली पत्र्याची माणसं. उजव्या अंगाला स्प्रिंगचा दांडा. दांडा ओढून सोडला की पोलादी गोळी वर उडायची, खिळ्यांवर आपटत खाली यायची आणि भोकात पडली की आतून घंटा वाजून पत्र्याचा एक माणूस रिंगणाच्या पुढच्या कोपऱ्यावर धावायचा.

"हे टेबल हाये?" मी ओरडलो.

"चार पाय हायेत ना?" पुकारणारा म्हणाला. "वरून सपाट हाये ना? मंग अजून टेबलाले काय शिंगं पाह्यजेत? शिंगंही हायेत, पण त्यायचा लिलाव येगळा."

दौलतराव म्हणाला, "अबे, काच लय मजबूत हाय."

मी रागाने बोललोच नाही. बोललो असतो तर अकोल्याच्या पोलिसांनी मला आत घातलं असतं.

परतीला गोविंदसिंगाची लॉरी मिळाली. काच फुटू नये म्हणून आम्ही ती वस्तू चादरीत गुंडाळली, दोराने आवळली आणि आडवी ठेवली. एका बाजूला मी बसलो, दुसऱ्या बाजूला दौलतराव. किन्हीराजाला गोविंदसिंगाने इंजिनात पाणी घालायला लॉरी थांबवली. मी धुळीने माखलो होतो, कंबर मोडली होती, तोंड आंबट झालं होतं. रस्त्याकडेच्या माणसांनी माझ्याकडे पाहिलं, मग चादरीकडे पाहिलं आणि डोक्यावरच्या टोप्या काढल्या.

एक म्हातारी जवळ आली. "कोनाचं व्हय, बापू?"

"माहंच हाये," मी चिडून म्हणालो.

म्हातारीने तोंडाला पदर लावला. "आन् कसं झालं?"

"कसं झालं म्हंजे? फसवलं मले. आता घरी नेऊन काय करू, सांग?"

"असं नोको म्हनू बापू, घरी तं न्याच लागते," असं म्हणून ती जी रडायला लागली, तिच्यामागे आणखी बायका आल्या. कुणीतरी झेंडूचा हार आणून चादरीवर ठेवला. मी दौलतरावाकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली होती आणि त्याचे खांदे हलत होते. लोकांना वाटलं, तो रडतोय. तो हसत होता, हे मला माहीत होतं.

किन्हीराजाचा एक माणूस सायकलवर आमच्यापुढे निघून गेला, हे मात्र मला माहीत नव्हतं. शेलूबाजारात बातमी पोचली की अकोल्याला गेलेल्या दोघांपैकी एकाला लॉरीतून आणताहेत. कुणाला, ते त्याने विचारलं नव्हतं. बातमी कशी द्यावी हे या लोकांना कळत नाही, आणि वार्ताहर मी आहे! आम्ही पोचलो तेव्हा अर्धं गाव माझ्या अंगणात होतं आणि अर्धं दौलतरावाच्या. आम्ही दोघंही आपापल्या पायांनी खाली उतरलो. सगळ्यांची घोर निराशा झाली. दौलतरावाची बायको चतुराबाई रडता रडता थांबली आणि म्हणाली, "मंग इतका येळ कुठी होते?"

आवडाबाई रडत नव्हती. ती दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. "हे तं चांगले हायेत," ती लोकांना म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "पयले त्या चादरीखाली काय हाये ते सांगा."

"टेबल," मी म्हणालो.

तेवढ्यात उतरवणाऱ्यांचा हात निसटला आणि टेबलातून घंटा वाजली.

आता मी काही अगदीच ढ नाही. मॅट्रिकपर्यंत शिकलो आहे. झालं ते झालं, काच आहे ना, काचेवर कागद ठेवून लिहिता येईल, असा मी विचार केला. दौत ठेवली. दौत हळूच माझ्याकडे चालत आली आणि माझ्या धोतरावर पालथी झाली. मग कळलं, त्या पेटीची पाठ उतरती होती. गोळी खाली घरंगळावी म्हणून तिचे पुढचे पाय मुद्दाम आखूड केलेले होते. कुणी शहाण्याने जगात उतरतं टेबल केलं असेल आणि ते मीच विकत घेतलं असेल, यावर माझा विश्वास बसेना. मी पुढच्या पायांखाली एकेक वीट लावली. पाठ सपाट झाली. दौत थांबली. मी पहिली बातमी लिहायला घेतली, आणि भिंतीपलीकडून दौलतराव आला.

"इटा कायले लावल्या? इटा लावल्यावर गोयी कशी येईन खाली?"

"मले गोळी नाही पाह्यजे. मले बातमी पाह्यजे."

"अबे, एकडाव पाहू तं दे." त्याने विटा काढल्या. त्याने दांडा ओढला. त्याने घंटा वाजवली. त्या घंटेने जे लोक त्या दिवशी माझ्या मयतीला येऊन निराश झाले होते, ते सगळे परत आले.

हा खेळ कोणता, यावर मग वाद झाला. इंग्रजी वाचता येणारा मी एकटाच, म्हणून सगळे माझ्याकडे पाहू लागले. सोटे होते, चेंडू होता, मी म्हणालो क्रिकेट. दौलतरावाने नागपूरला एकदा क्रिकेट पाहिलेलं होतं. तो म्हणाला, "क्रिकेटात मातीत काड्या रोवलेल्या राह्यते. इथं काड्या कुठी हायेत?" मी म्हणालो, हे अमेरिकेतलं क्रिकेट आहे, तिकडे काड्या नसतात. "मंग हे काय लिहिलं?" त्याने 'होम रन' लिहिलेल्या भोकावर बोट ठेवलं. मी सांगितलं, "घरी पळ." लोक एकमेकांकडे पाहू लागले. खेळ खेळायला आलेल्या माणसाला खेळच घरी पळ म्हणतो, यात काय अर्थ आहे, असं उकंडरावांनी विचारलं. ते पोलीस पाटील, त्यांना प्रत्येक गोष्टीत अर्थ लागतो. शेवटी गावाने ठरवलं की हा गोऱ्यांचा विटीदांडू आहे. माझ्या इंग्रजीबद्दल गावाचं जे मत झालं, ते मला दुसऱ्या दिवशी चार ठिकाणी ऐकायला मिळालं.

तेव्हापासून माझ्या घरात मला जागा राहिली नाही. मी विटा लावायचो, कोणीतरी त्या काढायचं. मी बाहेर गेलो की घंटा वाजायची, परत आलो की सगळे भिंतीकडे तोंड करून उभे. बाजाराच्या दिवशी तर मंगरूळकडचे, मालेगावकडचे लोक बैल विकायला आले आणि बैल माझ्या खुंट्याला बांधून आत शिरले. माझ्या बैठकीत तंबाखूच्या पिचकाऱ्या! मी ओरडलो. एक जण म्हणाला, "अवो, तुमी बाजूले व्हा, दिसून नाही राह्यलं." माझ्याच घरात!

मला राग दौलतरावाचा होता, लिलाववाल्याचा होता, अमेरिकेचा होता. पण आवडाबाईबद्दल मी काही बोललो नाही, कारण मला माहीतच नव्हतं. एकदा मी शाळेच्या कमिटीच्या बैठकीतून लवकर परतलो, तर दार लोटलेलं. आत चतुराबाई, शेजारपाजारच्या बायका पदर खोचून उभ्या, आणि मधे आवडाबाई. ती दांडा ओढत होती. जोरात नाही. दोन बोटांनी, दुधावरची साय उचलावी तसा. तिने सोडला, गोळी वर गेली, खिळ्यांना चुकवत आली आणि 'घरी पळ'मध्ये पडली. पत्र्याची माणसं एकामागून एक रिंगण धावून घरी आली. बायका किंचाळल्या. आवडाबाई हसली. अशी हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. मला पाहताच ती थांबली, आणि सगळ्या बायका भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

मी तसाच उलट्या पावली बाहेर गेलो. 

त्याच आठवड्यात उकंडराव ओसरीवर येऊन बसले. तोंड सरकारी. "शालिकराम, मले वर कळवा लागते."

"काय कळवा लागते?"

"जुगार."

"कोन पैसे लावते? माह्या घरी एका पैशाचा व्यवहार नाही!"

त्यांनी पेटीच्या पुढच्या अंगाची पैसा टाकायची चीर दाखवली. गोऱ्या मॅनेजरने ती आतून मोकळी करून ठेवली होती, नुसती पट्टी ढकलली की गोळ्या वर येत. हे मी त्यांना ढकलून दाखवलं. उकंडराव म्हणाले, "पन भोक तं पैशाचं हाय ना? पैशाचं भोक हाय तं जुगार हाय." मी म्हणालो, भोक तर तुमच्या खिशालाही आहे. तिथे चुकलं माझं. त्यांनी दुसऱ्या दिवशी वर कळवलं.

मी तालुक्याला कचेरीत गेलो. तिथला कारकून पान खात होता. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "खेळ नशिबाचा हाय का हुशारीचा?"

"काहून?"

"नशिबाचा असंन तं जुगार. पोलिसाकडं जा. हुशारीचा असंन तं करमणूक. करमणुकीचा कर भरा, तिकिटं छापा."

"घरात हाये ते! तिकीट कोनाले देऊ?"

"जो पाहीन त्याले."

"माही बायको पाह्यते!"

"मंग बायकोले द्या," तो म्हणाला, आणि पानाची पिंक टाकायला खिडकीशी गेला.

माझ्या कपाळाच्या शिरा उडायला लागल्या. मी त्याच्या टेबलावर मूठ आपटली. "खेळ नाहीच हाये ते! टेबल हाये! म्या टेबल म्हनून घेतलं!"

तो पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहू लागला. "असं सांगा ना मंग. टेबलाचा आमच्याकडं रकाना नाही. रकाना नाही तं कर नाही, खटला नाही. पन टेबल हाय का नाही, हे नायब तहसीलदार साहेब सोता येऊन पाह्यतीन."

मी घरी आलो ते ठरवूनच. या पेटीची आतडी काढायची. स्प्रिंग, घंटा, गोळ्या, पत्र्याचे ते पळपुटे, सगळं उपटून फेकायचं, वर एक फळी ठोकायची, की ब्रह्मदेव आला तरी टेबलच म्हणेल. मी पक्कड घेतली आणि काचेची पट्टी उचकटायला वाकलो. आवडाबाई स्वैपाकघरातून आली आणि तिने पक्कड माझ्या हातातून काढून घेतली.

"काहून?" मी म्हणालो. "जेलात पाठवतं का मले?"

"मले खेळाचं हाये."

"काय?"

"या घरात आल्यापासून पाहून राह्यली," ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून मला जास्त लागला. "तुमी जे आनलं ते घासाचं आनलं, नाहीतं दळाचं आनलं, नाहीतं निवडाचं. हे पयलंच असं आलं का ज्याचं मले काही करा लागत नाही. अन् तुमी त्याले फोडाले निंगाले."

 समोरचा खरं बोलला की माझा राग आणखी वाढतो. मी टोपी घातली आणि गावाबाहेर कापसाच्या वावरापर्यंत चालत गेलो, तिथे कोणी भांडायला नव्हतं, तसाच परत आलो. पक्कड तिने कुठे लपवली ते मी विचारलं नाही.

नायब तहसीलदार यायचे त्या दिवशी दौलतराव सकाळपासून माझ्याकडे. सल्ला देत. विटा लाव, चादर टाक, शाळेची खुर्ची आण, वर कागद पसर, साहेब आले की लिहीत बस, आणि लिहिताना कपाळाला आठ्या घाल. मी सगळं केलं. आठ्या घालाव्या लागल्या नाहीत, त्या होत्याच.

साहेब आले. लहानखुरा माणूस, मोठ्या मिशा. बरोबर उकंडराव पंच म्हणून. दारात नेहमीची गर्दी. साहेबांनी मला लिहिताना पाहिलं, चादरीला हात लावला, टेबलाभोवती फिरले आणि उजव्या अंगाला चादरीतून वर आलेला फुगवटा पाहून थांबले.

"हे काय?"

मी तोंड उघडायच्या आत दौलतराव म्हणाला, "साहेब, ते टेबलाचं हँडल होय."

साहेबांनी चादरीसकट दांडा ओढला आणि सोडला. आत गोळी होती. विटा असूनही ती धडधडत वर गेली आणि घंटा वाजली.

"टेबल वाजतं?" साहेब म्हणाले. कोणीतरी हसलं. साहेबांना वाटलं, त्यांना हसलं. त्यांचा चेहरा लाल झाला. "मला सगळं कळवलेलं आहे. तुम्ही वार्ताहर. लोकांच्या भानगडी पेपरात छापता. आणि स्वतःच्या घरात दार लावून बायकांचा जुगार चालवता! तुमची बायको तर म्हणे रोज खेळते. शरम वाटत नाही? कसली बाई ही?"

आजवर मी ज्या ज्या गोष्टींवर रागावलो होतो, त्या सगळ्या मला एकदम क्षुल्लक वाटल्या. मी उठलो. खुर्ची मागे पडली. चादर ओढून कोपऱ्यात फेकली, दौत कुठे गेली ते पाहिलं नाही. लाथेने एक वीट उडवली, मग दुसरी. दुसरी पायाला लागली, पण तेव्हा कळलं नाही.

"टेबल नाही हे! खेळ हाये!" मी ओरडलो. "लिहा काय लिहाचं ते. जुगार लिहा, करमनूक लिहा, मले खडी फोडाले पाठवा! पन माह्या बायकोबद्दल माह्या घरात उभं राहून बोलाचं नाही. हे तिचं हाये. ती खेळते. चांगली खेळते. तुमच्या साऱ्या कचेरीत तिच्यासारखं खेळनारा एक नाही!"

 दौलतराव सल्ला द्यायचं सोडून कोपऱ्यातल्या चादरीखाली दौत शोधायला लागला.

आतल्या दाराआडून आवडाबाईचा आवाज आला. "साहेबाले खेळू द्या ना. खेळल्याबगर काय लिहितीन?"

"मी?" साहेब म्हणाले. मग गर्दीकडे पाहून, "हां. तपासणीसाठी."

त्यांनी कोटाच्या बाह्या वर केल्या आणि दांडा असा ओढला की जणू बैल आवरताहेत. गोळी भिंतीवर आपटून थेट खालच्या गटारात. 'आउट'ची चकती फिरली. दुसरी गोळी, आउट. तिसरी खिळ्यावर क्षणभर थांबली, साहेबांनी श्वास धरला, आणि आउट. "यंत्र बिघडलेलं आहे," असं म्हणत त्यांनी पुन्हा पट्टी ढकलली. पुन्हा आउट. मग एक गोळी 'घरी पळ'च्या काठावर येऊन डुलायला लागली. साहेबांना राहवलं नाही. त्यांनी पेटीला गुडघ्याने ढुशी दिली. गोळी भोकात पडली खरी, पण घंटा वाजली नाही, आणि काचेखाली एक लाल पाटी टपकन वर आली.

"हलवलं," दाराआडून आवडाबाई म्हणाली. "डाव गेला."

"कोण म्हणतं?"

"पाटी म्हनते, साहेब. मी कोन म्हननारी?"

साहेबांनी टोपी काढून खिडकीत ठेवली. मग जे झालं ते तपासणी नव्हती. बाहेर त्यांच्या दमणीचे बैल जू टाकून बसले, गाडीवान दोनदा येऊन दारातून डोकावून गेला. साहेब घामाघूम झाले होते. "हळू वढा," आवडाबाईने सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. "हळू, साहेब, हळू. ते काय तुमचं देनं लागते?" शेवटी त्यांनी ऐकलं, दोन बोटांनी ओढला, आणि गोळी फिरत फिरत नेमकी पडली. घंटा वाजली. पत्र्याचे गडी धावत सुटले. "गेला!" साहेब ओरडले. "गेला घरी! घरी गेला!" आणि त्यांनी उकंडरावांना मिठी मारली.

मिठी सुटली तेव्हा त्यांना आपण कोण आहोत ते आठवलं. त्यांनी टोपी घातली, खुर्ची उचलून सरळ केली, बसले आणि कागद मागितला. मी दिला. माझा पाय ठणकत होता आणि डोकं अजून तापलेलंच होतं.

"लिहा साहेब," मी म्हणालो. "नशीब लिहिता का हुशारी?"

त्यांनी टाक उचलला आणि थांबले. नशीब लिहावं, तर पंचांच्या देखत, भर दिवसा, सरकारी कामात ते स्वतः जुगार खेळले होते. हुशारी लिहावी, तर ती कोणाकडे निघाली, हे दारातल्या गर्दीने पाहिलं होतं. साहेबांनी मिशीवरून हात फिरवला. टाक कागदावर टेकवला, तसा कागद त्यांच्याकडे घसरायला लागला. तो त्यांनी डाव्या हाताने दाबून धरला आणि लिहिलं: सदर वस्तू टेबल असून किंचित उतरते आहे.

सही केली. उकंडरावांनी पंच म्हणून अंगठ्यासारखी दिसणारी सही केली. साहेब आतल्या दाराकडे न पाहता म्हणाले, "मी मघाशी बोललो ते बोलायला नको होतं," आणि दमणीत जाऊन बसले.

गर्दी पांगली. दौलतराव मागे राहिला. खिडकीशी रेलून म्हणाला, "पाह्यलं? म्या सांगतलं होतं ना, साहेबाचं टेबल घे म्हनून. शेवटी टेबलच झालं."

इतके दिवस साठलेलं सगळं मी त्याच्यावर ओतलं. कोपर, लॉरी, झेंडूचा हार, हँडल, काही ठेवलं नाही. त्याच्या सल्ल्यांनी माझ्या आयुष्याचं काय झालं, ते त्याच्या लग्नापासून आजपर्यंत ओळीने सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरं. मंग आता एक डाव खेळू देतं का?" मी त्याला दंडाला धरून बाहेर काढला आणि दार लावलं. भिंतीपलीकडून चतुराबाई त्याला विचारत होती, "खेळू देलं का?"

मी वळलो. आवडाबाईने काचेवर दोन ताटं वाढली होती. भाकर, पिठलं, कांदा.

"हे काय?" मी म्हणालो.

"सरकारनं टेबल लिहून देलं ना? मंग जेवा."

"अन् हे दुसरं ताट?"

तिने पदर सावरला आणि पलीकडच्या बाजूला उभी राहिली. आमच्या घरात बाई पुरुषांच्या मागून जेवते. माझ्या आईनेही तेच केलं होतं. मी काहीतरी म्हणणार होतो, पण विटा मीच उडवून दिल्या होत्या, आणि माझं ताट घसरत माझ्या पोटाशी येऊन टेकलं. ती समोरून माझ्याकडे पाहत होती. पलीकडचं तिचंही ताट तिला एका हाताने धरून ठेवावं लागत होतं. तिने घास घेतला. मग मी घेतला.

पिठलं खारट झालं होतं. मी तसं सांगितलं.

"रागात केलं," ती म्हणाली.

"मीही रागातच खाऊन राह्यलो," मी म्हणालो, आणि ताट पुढे केलं. तिने आणखी वाढलं.